निरोप वर, काम खाली

"आणि दोन घटना एकाच क्षणाला आल्या तर?" मी विचारलं.

खांबेटे सरांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांना प्रश्न आवडला नाही की हे असं व्हायचं. "तर जी आधी आहे ती आधी. यात विचारण्यासारखं काय आहे?"

"आधी म्हणजे कुठे आधी, सर? घड्याळात दोन्हींची वेळ एकच आहे."

"कागदावर आधी. प्रोग्रॅममध्ये जी वर लिहिलीय ती आधी घ्यायची, खालची नंतर. संगणकाला एका वेळी एकच काम करता येतं शरयू, त्याला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते."

"ते संगणकाचं झालं. भाषेचा नियम काय म्हणून लिहू?"

"तोच लिही," असं म्हणून सरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. म्हणजे मी आता जावं.

ही एकोणनव्वदच्या उन्हाळ्यातली गोष्ट आहे. सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी 'घटित' नावाची एक संगणकभाषा तयार केली होती. बँकेतली रांग, धक्क्यावरच्या बोटी, कारखान्यातली यंत्रं, जिथे जिथे एकामागून एक काहीतरी घडत असतं, त्याची नक्कल संगणकात उतरवायची ही भाषा. तिच्यातलं घड्याळ टिकटिक करत नाही. एका घटनेवरून उठतं ते थेट पुढच्या घटनेवर जाऊन बसतं. मधे काही घडत नाही, म्हणून तिच्या लेखी मधला वेळच नाही. भाषेचं व्याकरण सरांनी केव्हाच बांधलं होतं: वाक्य कसं लिहायचं, कुठे संपवायचं, काय चालेल आणि काय नाही. माझ्या पीएचडीचं काम त्याच्या पुढचं होतं. त्या वाक्यांचा अर्थ लिहून काढायचा, तोही असा, की कुणीही वाचला तरी एकच समजेल. ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

सरांची एक शिस्त होती, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाच्या ती अंगात मुरलेली होती. निरोप वर, काम खाली. प्रोग्रॅममध्ये फोन, घंटी, हुकूम, जे जे कळवण्याचं असेल ते पहिल्यांदा लिहायचं; हाताने करण्याचं जे असेल ते त्याच्या खाली. मी एकदा उलटं लिहिलं तर पान परत आलं. "घरी तू आधी ऐकतेस की आधी करतेस?" त्यांनी विचारलं होतं. "ते माझ्या आईला विचारा," मी म्हटलं, तेव्हा ते हसले होते, पण पान काही घेतलं नव्हतं.

सरांच्या खोलीतून बाहेर पडले आणि जिन्यात थांबले. निरोप वर, काम खाली. आसळगावच्या धरणावरच्या अपघाताचा प्रोग्रॅम सरांनी स्वतः लिहिला होता, म्हणजे तोही तसाच असणार. मी संगणकाच्या खोलीकडे वळले.

आसळगावच्या धरणातून त्या एप्रिलमध्ये खालच्या गावांना प्यायला म्हणून नदीत पाणी सोडलं होतं. उन्हाळ्यात या आसळी नदीचं पात्र कोरडं असतं, आणि त्या वाळूत लोक कलिंगडाच्या वाड्या लावतात. भोंगा वाजवला होता, पण वारा उलटा होता. शिवड्याच्या वळणावर दोन जावा, सोना आणि हौसा, वाडीत काम करत होत्या. त्या वाहून गेल्या. खालच्या चौकीवरून पाण्यावर लक्ष ठेवणाऱ्या पाटकऱ्याने त्यांना पात्रात पाहिलं होतं, त्याने धावत जाऊन धरणावर फोनही केला होता. पण गेट उचललं गेलं. ते गेट जुनं. एकदा उचलायला लागलं की पुरतं वर गेल्याशिवाय खाली घेता येत नसे.

गेटवर केरबा खैरमोडे होता. धरणाचा नियम साधा होता: फोन वाजत असताना गेटला हात लावायचा नाही. म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. घंटी आधी वाजली आणि तरी केरबाने बटण दाबलं असेल, तर दोन बायकांचा जीव त्याच्या माथी. नोकरी तर जाणारच, वर खटला. बटण आधी दाबलं आणि मग घंटी वाजली असेल, तर त्याचा दोष नाही. केरबा म्हणत होता, आठवत नाही. आठवत नाही म्हणणाऱ्यावर चौकशीत कोण विश्वास ठेवतो?

चौकशी समितीने मग सरांना बोलावलं. सर स्वतः जाऊन पाटकऱ्याच्या वाटेने चालून आले, केरबाच्या वाटेनेही चालून आले. कुणाला किती वेळ लागत असेल ते मोजून सगळा प्रसंग 'घटित'मध्ये उतरवला आणि अहवाल धाडून दिला. फोन आधी, बटण नंतर. समिती खूश होती. संगणकाने सांगितलं म्हटल्यावर कुणाला कुणाकडे बोट दाखवावं लागत नाही. राज्यातल्या साऱ्या धरणांवर हीच भाषा वापरायची अशी बोलणीही सुरू झाली होती. सरांची निवृत्ती जवळ आली होती. आयुष्यभर जिच्यासाठी खपलो ती भाषा आता कॉलेजच्या कुंपणाबाहेर पडणार, या कल्पनेनेच त्यांची चाल बदलली होती.

मी संगणकाच्या खोलीत गेले, आसळगावचा प्रोग्रॅम काढला आणि चालवला. घड्याळ एका घटनेवरून दुसऱ्या घटनेवर गेलं, आणि फोनची घंटी आणि केरबाचं बटण दोन्ही एकाच क्षणावर येऊन उभी राहिली. आधी घंटी, मग बटण. केरबा दोषी.

मग मी एवढंच केलं. बटणाचा परिच्छेद उचलून फोनच्या परिच्छेदाच्या वर ठेवला. एका शब्दाला धक्का लावला नाही, एक आकडा बदलला नाही. पुन्हा चालवला. आधी बटण, मग घंटी. केरबा निर्दोष.

दोन्ही कागद घेऊन मी परत सरांकडे गेले. त्यांनी पाहिले. शेजारी शेजारी ठेवून पुन्हा पाहिले.

"हे कुणी करायला सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी नियम लिहीत होते."

"फोनचा परिच्छेद वरच असतो. निरोप वर."

"ती तुमची सवय आहे सर. नदीची नाही."

असं मी सरांशी कधी बोलले नव्हते. त्यांचे कान लाल झाले. "परवा सुनावणी आहे," ते म्हणाले. "अहवाल गेलेला आहे. मी तिथे जाऊन काय सांगू? माझ्या भाषेत परिच्छेद खालीवर केले की माणूस दोषीचा निर्दोष होतो, असं?"

"दोन्हींची वेळ एकच निघतेय. आपल्या मोजमापात याहून बारीक काही मिळत नाही. म्हणजे कोण आधी ते आपल्याला माहीत नाही, एवढंच सांगायचं."

"एवढंच!" सर उठून खिडकीपाशी गेले. "वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की बाबांनो, अंदाज करू नका, ही भाषा वापरा, उत्तर मिळेल. आणि आता एवढंच सांगायचं की माहीत नाही?"

"त्या माणसाला तुरुंगात घालतील सर."

ते पाठमोरेच म्हणाले, "कागद ठेव इथे आणि जा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं नाही. मला वाटलं, संपलं. मी घरी जाऊन आईशी उगाच भांडले.

सुनावणीच्या सकाळी मात्र जीप माझ्या दारात आली. पुढे सर बसले होते. मागच्या बाकावर संगणक गोधडीत गुंडाळून ठेवला होता. "त्याला धरून बस," सर म्हणाले. "खड्डे आहेत." ते काय करणार आहेत हे मला कळत नव्हतं, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

सुनावणी धरणाच्या विश्रामगृहात होती. सर संगणकाची जुळवाजुळव करायला आत गेले. मी व्हरांड्यात आले तर कठड्यापाशी एक माणूस जमिनीवर बसला होता. बाक रिकामा होता, तरी खाली. इस्त्रीचा खाकी शर्ट, मांडीवर टोपी. न विचारताच मला कळलं की हा केरबा.

"केरबा, वर बसा ना," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या बाई. हितं बरंय." मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुमी यंत्रवाल्या सायबांच्यातल्या न्हवं?"

"हो."

"यंत्राला कळलंय म्हणत्यात. फोन आधी का बटण आधी, ते."

"तुम्हाला खरंच आठवत नाही?"

"काय सांगू बाई. ह्यो हात बटणावर व्हता. आन् घंटी कानात व्हती. रोज रातच्याला डोळं मिटून बगतो. कवा ह्ये आधी दिसतंय, कवा त्ये." त्याने टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "आज आता यंत्र सांगंल. बरं झालं. येकदा कळलं म्हंजे बास."

मला वाटलं, या बिचाऱ्याला कळत नाहीये. उत्तर जर अहवालातलंच आलं तर आपलं काय होणार हे त्याच्या डोक्यातच शिरलेलं नाही. मला त्याची फार दया आली. तितक्यात आतून हाक आली.

जेवणाच्या टेबलावर संगणक मांडला होता. पलीकडे समितीचे तिघं होते; अध्यक्ष बर्गेसाहेब, निवृत्त मुख्य अभियंता, दणदणीत आवाजाचे. केरबाला भिंतीशी उभं केलं होतं.

"प्रोफेसर, अहवाल आम्ही वाचलाय," बर्गेसाहेब म्हणाले. "फक्त एकदा सगळ्यांसमोर चालवून दाखवा, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको."

सरांनी चालवून दाखवला. पडद्यावर ओळी उमटत गेल्या आणि सर त्या मोठ्याने वाचत गेले. पाटकरी चौकीवर पोचला. केरबा गेटच्या खोलीत आला. फोन वाजला. बटण दाबलं. गेट उचललं.

"झालं तर," बर्गेसाहेब म्हणाले. केरबाने डोळे मिटले होते.

"थांबा," सर म्हणाले.

त्यांनी कळफलकावर बोटं ठेवली. बटणाचा परिच्छेद उचलला आणि फोनच्या वर नेऊन ठेवला. ज्या माणसाने उलट क्रमाचं एकही पान आयुष्यात कुणाकडून घेतलं नाही, तो चारचौघांत स्वतःच्या हाताने काम वर आणि निरोप खाली लिहीत होता. मला रडू येईल असं वाटलं. त्यांनी पुन्हा चालवला आणि पुन्हा मोठ्याने वाचला. पाटकरी पोचला. केरबा आला. बटण दाबलं. फोन वाजला. गेट उचललं.

बर्गेसाहेब खुर्ची सरकवून पडद्यापाशी आले.

"हे काय?" बर्गेसाहेबांनी विचारलं.

"तोच प्रोग्रॅम आहे. फक्त दोन परिच्छेदांच्या जागा बदलल्या."

"मग यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही घटना एकाच क्षणावर येतात. त्यापुढे माझ्या भाषेला काही माहीत नाही. मी जे वर लिहिलं ते ती आधी म्हणाली. अहवालात मी जे कळवलं, तो या माणसाबद्दलचा निष्कर्ष नव्हता. ती माझी लिहिण्याची पद्धत होती."

"म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हाला—" बर्गेसाहेबांचा आवाज चढला. "आणि ही भाषा सगळ्या धरणांवर नेणार होतो आपण! जिला एवढं साधं सांगता येत नाही, ती काय कामाची?"

"खरं आहे," सर म्हणाले. "तरीही अहवाल मी मागे घेतो. तसं लेखी देतो."

बर्गेसाहेब बाकीच्या दोघांशी हळू आवाजात बोलले. मग त्यांनी रागारागाने कागद एकत्र केले. संगणकाशिवाय त्यांच्या हाती दुसरं काहीच नव्हतं. "खैरमोडे, दोष सिद्ध होत नाही," ते केरबाकडे न पाहता म्हणाले. "जा तुम्ही."

केरबा बाहेर गेला. मला इतका आनंद झाला होता की मी संगणकाच्या तारा भलत्याच क्रमाने काढल्या. सर खचले होते हे मला दिसत होतं. पण एक माणूस वाचला होता, आणि तो आमच्यामुळे वाचला होता.

जीपमध्ये सामान चढवत होतो तेव्हा केरबा आला. टोपी अजून हातातच होती.

"सायेब," तो सरांना म्हणाला, "मग फोन आधी का बटण आधी?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. "ते सांगता येत नाही, केरबा."

"पर यंत्राला कळलं व्हतं की."

"यंत्राला कळलं नव्हतं. ते मीच लिहिलं होतं. माझ्या ध्यानात आलं नव्हतं."

"केरबा, तुम्हाला सोडलंय," मी मधेच म्हटलं. "नोकरी राहिली. आता काही भीती नाही."

"ते कळलं वो बाई." तो माझ्यावर चिडला नाही, फक्त मी काहीतरी लहान मुलासारखं बोलले अशा नजरेने त्याने पाहिलं. "नोकरीचं न्हाई मी इचारत. हौसा माज्या भावकीतली. घंटी ऐकून बी मी बटण दाबलं आसंल, तर तिच्या पोरांच्या दारात जाऊन बसणार व्हतो. पाय धरणार व्हतो त्येंचं. मारू देत न्हाईतर काय बी करू देत. आन् आधी दाबलं आसंल, तर निदान तोंड वर करून त्या घरावरनं गेलो आसतो. म्हणलं, यंत्र सांगंल. कायबी सांगू दे, पर सांगंल."

त्या व्हरांड्यात मला त्याची दया आली होती, ते आठवून माझी मान खाली गेली. त्याला सगळं कळत होतं. आम्ही त्याला ज्यातून सोडवून आणलं, त्यात तो स्वतःहून शिरायला तयार होता. त्याला फक्त कुठल्या दाराने जायचं ते कळायला हवं होतं.

सर त्याच्या जवळ गेले. त्यांनी हात जोडले नाहीत की पाठीवर हात ठेवला नाही. नुसते समोर उभे राहिले.

"मला माहीत नाही, केरबा. आणि आता कुणालाच कळणार नाही."

"कंदीच?"

"कधीच."

केरबाने धरणाच्या भिंतीकडे पाहिलं. उन्हात ती पांढरीफटक दिसत होती.

"मग आता दोन्ही धरूनच ऱ्हायचं म्हणा की," तो म्हणाला.

"हो," सर म्हणाले.

त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि गेटच्या रस्त्याला लागला. त्याची पाळी सुरू व्हायची होती.

धरणांवर आमची भाषा पुढे कधीच गेली नाही. सर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणांत कुणी तिचं नावसुद्धा घेतलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं. पण त्या दिवशी यातलं काही आम्हाला माहीत नव्हतं. जीप घाट उतरत होती आणि मी मागे संगणकाला धरून बसले होते. शिवड्याच्या पुलावर आलो. खाली वाळूत उरलेले वेल वाळून गेले होते. पूल ओलांडल्यावर सर पहिल्यांदा बोलले.

"शरयू, तुझा तो नियम. दोन घटना एकाच क्षणी आल्या तर जी वर लिहिलीय ती आधी घ्यावी. लिहिलास का?"

"लिहिलाय, सर."

"खोड."

"आणि तिथे काय लिहू?"

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. "तो म्हणाला तेच लिही," ते म्हणाले.

मी घरी गेल्यावर ते वाक्य खोडलं आणि त्याजागी लिहिलं: दोन्ही क्रम धरून राहायचं. प्रबंधात नंतर त्याला चिन्हं आली, कंस आले, पानभर सिद्धताही आली, आणि तिच्या पुढच्या पानावर उदाहरण म्हणून केरबाची हकीकत. आता माझे विद्यार्थी तो नियम वाचतात आणि कुरकुरतात, की मॅडम, ही भाषा एका प्रश्नाला दोन उत्तरं देते, एक निवडत का नाही? मी त्यांना सांगते, पुढचं पान उघडा.